मधली फट

बाबांची तक्रार अगदी साधी होती. "एक खिडकी उघडली की आधीची पळून जाते."

पळून जात नव्हती, मागे जात होती. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मागे जाणं आणि पळून जाणं यांतला फरक पटवत बसण्यात मला अर्थ दिसेना. शिवाय त्यांचंच बरोबर होतं. टेबलावर दोन कागद शेजारी ठेवले, तर डावीकडचा आपण होऊन उजवीकडच्याच्या खाली शिरत नाही. संगणकावर तो शिरतो, आणि आपण इतकी वर्षं ते निमूट चालवून घेतलंय.

बाबा बँकेतून निवृत्त झाले आणि मोडीच्या नादी लागले. आमचं घर दांडिया बाजारात. बडोद्यातल्या मराठी घरांच्या पेट्यांतून अजून मोडी कागद निघतात: खरेदीखतं, देण्याघेण्याच्या याद्या, कुणाच्या पणजोबांनी कुणाला दिलेली रुपयांची पावती. पुढच्या पिढ्यांना ते वाचता येत नाही, टाकून देववत नाही. मग कुणीतरी फोनवर फोटो पाठवतं आणि "काका, सावकाश बघा" म्हणतं. काका लगेच बघायला बसतात. पडद्यावर डावीकडे फोटो, उजवीकडे देवनागरीत उतरवून घेतलेला मजकूर. इतकंच काम, पण चार-चार तास. अशा वेळी दर दोन मिनिटांनी फोटो मजकुराच्या मागे दडी मारून बसला की माणूस चिडणारच.

लॅपटॉप माझा जुना, ऑफिसने मोडीत काढला तेव्हा स्वस्तात घेतलेला. (मोडीत काढलेला लॅपटॉप मोडीसाठी, हा विनोद आमच्या घरात वर्षभर चालला, आता बंद आहे.) त्यावर मी विंडोजऐवजी लिनक्स टाकलं होतं. लिनक्सवर एक सोय आहे, जी बऱ्याच लोकांना ठाऊक नसते. खिडक्या कुठे ठेवायच्या, कुठली वर आणि कुठली खाली, हे ठरवणारा प्रोग्रॅम तिथे वेगळा असतो. त्याला विंडो मॅनेजर म्हणतात, आणि तो भाडेकरूसारखा बदलता येतो. याचं मूळ एक्स विंडो सिस्टिममध्ये आहे. ती १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली आणि १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. तीच अजून पुष्कळ मशिनांवर चालते. ती घडवणाऱ्यांचा बाणा असा की पडद्यावर रेघा ओढायचं साधन आम्ही देऊ, घर कसं मांडायचं ते तुमचं तुम्ही बघा. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या अलिप्तपणाचा फायदा दांडिया बाजारात बाबांना मिळणार होता.

मी आय-थ्री निवडला. मायकेल श्टापेलबर्ग यांनी २००९ मध्ये तो लिहायला घेतला. त्यात खिडक्या एकमेकींवर चढत नाहीत, फरशीसारख्या शेजारी-शेजारी बसतात. एक उघडली तर ती सगळा पडदा घेते. दुसरी आली की पहिली निमुटपणे सरकून अर्धी होते. झाकायचं काही उरतच नाही, त्यामुळे हरवायचंही काही उरत नाही. सगळ्या सूचना एका साध्या मजकुराच्या फाइलीत असतात: कुठल्या बटणाने काय उघडावं, सुरू होताना काय मांडावं. मी लिहून दिलं की मशीन चालू झालं की डावीकडे फोटो पंचावन्न टक्के, उजवीकडे लिहायची जागा पंचेचाळीस. पाच बटणांची एक चिठ्ठी मोठ्या अक्षरांत लिहून कीबोर्डच्या कडेला चिकटवली. उघड, बंद कर, डावीकडे जा, उजवीकडे जा, आणि पाचवं म्हणजे फाइलीत बदल केला तर ती पुन्हा वाचायला लाव. पाचवं त्यांच्यासाठी नव्हतंच. चार मुद्द्यांची चिठ्ठी बोडकी दिसत होती म्हणून लिहिलं.

आणि खिडक्यांमध्ये दहा पिक्सेलची फट ठेवली. मागचं चित्र त्यातून डोकावतं, तरुण पोरं अशीच मांडतात, छान दिसतं. बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ही मधली फट कशाला?"

"बरी दिसते."

"हं," बाबा म्हणाले. आमच्या घरात 'हं' म्हणजे विषय संपला असं नसतं.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग मला हाव सुटली.

त्या लॅपटॉपमध्ये चित्र काढणाऱ्या दोन चिप्स आहेत. एक प्रोसेसरच्या पोटातच, मध्यमवर्गीय, कमी विजेवर भागवणारी. दुसरी वेगळ्या कार्डावर, स्वतःची मेमरी असलेली, खेळ खेळणाऱ्यांसाठी बसवलेली. मला वाटलं, घरात दोन शेगड्या असताना एकीवरच का रांधायचं? कार्डाच्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम, मिळत होता, तो बसवला. कंपनीचं नाव घेत नाही. पुढे जे झालं त्यात चूक माझी होती.

असा बंद, म्हणजे आतला कोड कंपनी कुणाला दाखवत नाही असा, ड्रायव्हर कर्नलच्या घरात राहत नाही. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि तो दर काही आठवड्यांनी बदलतो. बाहेरच्या ड्रायव्हरला प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बेतावं लागतं, वाढत्या मुलाच्या सदऱ्यासारखं. हे शिवणकाम डीकेएमएस नावाचं एक हत्यार आपोआप करतं, पण त्याला नव्या कर्नलची मापं लागतात. ती मापं म्हणजे हेडर्स. मी ज्या दिवशी ड्रायव्हर बसवला, त्या दिवशीच्या कर्नलची मापं दिली. पुढच्या कर्नलची मापं आपोआप येत राहतील अशी तजवीज करायची राहिली. एका ओळीचं काम होतं.

तीन आठवडे काही झालं नाही. मग नवा कर्नल आला. मापं नव्हती, सदरा शिवला गेला नाही, आणि सकाळी बाबांनी लॅपटॉप उघडला तर पडदा काळा.

मी मांजलपूरला राहते, आणि त्या दिवशी कामात होते, फोन उचलला नाही. बाबांनी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला आणि स्कूटरवरून सयाजीगंजातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने चालू केला, बंद केला, कानाशी धरला आणि निकाल दिला, "काका, बोर्ड गयुं छे." नव्या बोर्डाची सांगितलेली किंमत मी लॅपटॉपला मोजलेल्या किमतीपेक्षा जास्त होती. बाबा परत आले. रात्री मी पोचले तेव्हा लॅपटॉप देवघराशेजारच्या स्टुलावर, अजून टॉवेलातच. आईने वाटीत सेव-उसळ काढून ठेवली होती, वर तर्री वेगळी, आणि घरात कुणी आजारी असल्यासारखं सगळे हळू बोलत होते.

"गेला तुझा लॅपटॉप," बाबा म्हणाले.

मी चालू केला. कंपनीचं चिन्ह आलं, गेलं. काळोख. आणि त्या काळोखात वरच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक आडवी रेघ, उघडझाप करणारी. मला एकदम हसू आलं. बोर्ड गेलेलं मशीन डोळे मिचकावत नाही.

लिनक्समध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री एकत्र दाबलं की चित्रांचं जग बाजूला ठेवून नुसत्या अक्षरांच्या खोलीत जाता येतं. गेले. मशिनने नाव विचारलं, पासवर्ड विचारला, आत घेतलं. बाबांनी खुर्ची ओढली. त्यांच्या फायली सगळ्या जागच्या जागी आहेत हे आधी दाखवलं. मोडीचे एकशे चाळीस फोटो, एकशे सव्वीस उतारे. त्यांनी आकडा दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "म्हणजे आत दिवा आहे. फक्त दारं बंद आहेत."

एक्स सुरू होताना काय काय करून पाहिलं, हे एका नोंदवहीत लिहून ठेवतो. अडलेल्या ओळींच्या आधी दोन ई असतात. तेवढ्या शोधून काढल्या. सातच होत्या. पहिल्या ओळीत ड्रायव्हरचं मोड्यूल सापडलं नाही. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, नो स्क्रीन्स फाउंड. एकही पडदा सापडला नाही. हे मी पडद्यावर वाचत होते.

गंमत अशी की एक्सला काही सांगितलं नसतं तर त्याने स्वतःच साधा मार्ग शोधला असता. वीसेक वर्षांपूर्वी पडदा, माऊस, कार्ड सगळ्यांची जंत्री फाइलीत भरून द्यावी लागायची. आता तो स्वतः चाचपून घेतो. पण मी शहाणपणा करून पाच ओळींची एक फाइल ठेवली होती, की हेच कार्ड वापर आणि हाच ड्रायव्हर. त्याने आज्ञा पाळली. ड्रायव्हर नव्हता, म्हणून काहीच केलं नाही. ती फाइल काढली, बंद ड्रायव्हर काढला, मशीन पुन्हा सुरू केलं. डावीकडे फोटो, उजवीकडे मजकूर, मध्ये दहा पिक्सेलची फट. उसळ तोवर गार झाली होती.

त्या मोठ्या कार्डाचं काय करायचं हा प्रश्न उरला. स्थिर फोटो बघायला त्याची गरज नव्हतीच, हे मला आधी सुचायला हवं होतं. पण त्याला नुसतं वाऱ्यावर सोडूनही चालत नाही. ड्रायव्हर नसलेलं कार्ड झोपतंच असं नाही. कुणी 'झोप' म्हणेपर्यंत जागं राहून वीज खात बसतं. कर्नलमध्ये त्याच कार्डासाठीचा मोकळा ड्रायव्हर आधीपासून असतो. खेळांच्या वेगात तो कंपनीच्या ड्रायव्हरला हरतो, पण काम नसलं की कार्डाला झोपवणं त्याला जमतं. तोच चालू केला. कर्नलच्या एका तपासणीच्या फाइलीत दोन्ही चिप्सची स्थिती दोन ओळींत दिसते. लहान चिपसमोर 'पॉवर', मोठ्या कार्डासमोर 'डायनऑफ', म्हणजे आपोआप झोपलेलं. दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला, "पंखा बिघडला का गं? आवाज येत नाही." मे महिना होता. बडोद्यात मे महिन्यात एखादी गोष्ट गरम होत नसेल तर संशय येणं स्वाभाविक आहे.

यानंतरचे दोन महिने मला काहीच कळलं नाही. मधून-मधून "कसं चाललंय" विचारायची, "चाललंय" उत्तर यायचं. आईने एका रविवारी चिवडा भरता-भरता सहज सांगितलं, "ते हल्ली नवे कागद घेत नाहीत. त्यांना वाटतंय डोळ्याचं ऑपरेशन फसलं."

मोतीबिंदू हिवाळ्यात काढला होता, उजव्या डोळ्याचा. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीला उत्तम म्हटलं होतं. बाबांनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. मी आत गेले, त्यांना म्हटलं, दाखवा नेमकं काय होतं ते.

त्यांनी एक खरेदीखत उघडलं. मोडी लिहिणारा आधी पानभर आडव्या शिरोरेषा ओढून घेतो आणि मग त्यांना अक्षरं लटकवत जातो. हात उचलायचा नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही. वाचणाऱ्याला शब्द कुठे संपला ते अर्थावरूनच ओळखावं लागतं. म्हणून बाबा फोटो मोठा करून डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकवतात आणि ओठांत पुटपुटत जातात. "बघ आता," ते म्हणाले, "सरकवलं की अक्षराचं धड पुढे जातं आणि डोकं मागे राहतं. क्षणभर. मग जुळतं. दोन-तीन ओळी झाल्या की डोकं दुखतं." मग एक डोळा झाकून, दुसरा झाकून मला समजावलं की दोन्ही डोळ्यांनी दिसतं, म्हणजे आता डावाही गेला.

मी पडद्याकडे पाहिलं. त्यांनी फोटो सरकवला. पानाच्या मध्यावर एक आडवी चीर गेली. खालचा भाग पुढे, वरचा मागे, आणि बरोबर त्या चिरेवर एक अक्षर शिरोरेषेपासून तुटून लोंबलं.

"बाबा, मलाही दिसतंय."

"तुला?"

"मला. डोळे ठीक आहेत तुमचे. चित्र फाटतंय."

ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, आणि स्वच्छ होता तरी पुसत राहिले.

हे फाटणं जुनं दुखणं आहे. पडदा सेकंदाला साठ वेळा वरून खाली नव्याने रंगवला जातो, म्हणजे एका फेरीला सोळा-सतरा मिलिसेकंद. रंगवणं निम्म्यावर आलेलं असताना कुणी चित्र बदललं, तर वरच्या अर्ध्यात जुनं आणि खालच्या अर्ध्यात नवं चित्र उमटतं. एक्समध्ये चित्र देणारा प्रोग्रॅम आणि रंगवणारा पडदा यांनी एकमेकांची वेळ पाळायचीच असं बंधन नव्हतं. १९८७ मध्ये कुणी फोन-फोटोतलं खरेदीखत सरकवत बसणार नव्हतं. एक्सला ठिगळ लावता येतं, मीही लावू शकले असते. पण त्या दिवशी मला ठिगळ नको होतं.

२००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी एक्सच्या जागी वापरायचं वेलँड सुरू केलं. मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावावरून नाव घेतलं. त्यात पडदा रंगवायला देणारा आणि खिडक्या मांडणारा एकच. प्रत्येक प्रोग्रॅमने आपलं चित्र पूर्ण करून त्याच्या हाती द्यायचं, तो सगळी जुळवणार, आणि अख्खं पान तयार झाल्यावरच पडद्यावर ठेवणार. अर्धवट काही बाहेर जात नाही. आय-थ्रीचा जुळा भाऊ शोभेल असा विंडो मॅनेजर तिकडे आहे, स्वे. तो जवळपास तीच फाइल वाचतो. मी जुनी फाइल उचलून तिथे ठेवली, चार ओळी बदलल्या, आणि अर्ध्या तासात बाबांना खुर्चीत बसवलं. त्यांनी तेच खरेदीखत सरकवलं. एकदा, दोनदा, मग मुद्दाम जोरात. शिरोरेषेला धक्का लागला नाही. "हा," ते म्हणाले. नुसतं 'हा', 'हं' नाही.

चार दिवसांनी नवी तक्रार. "मराठी चालू असलं की तुझं मशीन बहिरं होतं."

बाबा मराठी लिहायला इन्स्क्रिप्ट नावाची बटणांची मांडणी वापरतात, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. कॅप्स लॉक दाबला की इंग्रजी, पुन्हा दाबला की मराठी, असं मी जुळवून दिलं होतं. चिठ्ठीवरची बटणं इंग्रजीत चालत आणि मराठीत मुकी होत. कारण शोधलं तेव्हा कपाळावर हात मारला. फाइलीत लिहिलं होतं की विंडोज-बटणाबरोबर 'डी' आलं तर यादी उघड. पण इन्स्क्रिप्ट चालू असताना त्या बटणातून 'डी' येतच नाही, तिथे हलन्त आहे. स्वे बिचारा 'डी'ची वाट बघत होता आणि बाबा त्याला पाय मोडलेली अक्षरं पाठवत होते. यावर टू-कोड नावाची पुस्ती आहे: अक्षर बघू नकोस, बटणाची जागा बघ. प्रत्येक ओळीला ती जोडली. बाबांना मी हे सांगायला लागले तर अर्ध्यातच त्यांना कळलं. "पेटीसारखं. पट्टी तीच, सा कुठून धरलाय त्यावर तिला म म्हणायचं की प. हा बोट बघतो, सूर नाही."

त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा ती फाइल वाचायला मागितली. मी उघडून दिली. बँकेत चाळीस वर्षं लेजर वाचलेल्या माणसाने ती वरपासून खालपर्यंत, बोट ठेवून वाचली. एकच प्रश्न विचारला. काही ओळींच्या आधी हॅशची खूण आहे, ती का?

"त्या ओळी मशीन वाचत नाही. माणसांसाठी असतात."

"म्हणजे समासातलं."

"तसंच."

पुढचे दोन-तीन रविवार जाणं झालं नाही. गेले तेव्हा पावसाची रिपरिप चालू होती, आई झोपली होती, आणि मी अपडेट करायला म्हणून टर्मिनल, म्हणजे नुसत्या अक्षरांची खिडकी, उघडून सहज फाइल पाहिली. टर्मिनलमध्ये देवनागरी धड दिसत नाही. तिथे प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचं घर असतं आणि आपली जोडाक्षरं त्या घरांत मावत नाहीत. त्यामुळे पहिल्या ओळीत हॅशच्या पुढे काय आहे ते कळायला मला क्षणभर लागला. एका घरात पाय मोडलेला श, शेजारच्या घरात री. जुने कागद जसे सुरू होतात तशी सुरुवात. खाली तिथी, वार, आणि 'चिठ्ठीवरचे पाचवे बटण वापरले'.

आणखी खाली, जिथे मी फटीसाठी दहा लिहिलं होतं, तिथे शून्य होतं. त्याच्या वरच्या ओळीत, समासात: 'जागा वाया जात होती.'

"आधी त्याच ओळीत पुढे लिहिलं होतं," बाबा मागून म्हणाले. मला कळलंच नाही ते कधी येऊन उभे राहिले. "तर वर लाल पट्टी आली. मग ते उचलून वेगळ्या ओळीत नेलं. गेली पट्टी."